पुण्यात नवीन आलात? मग बागेत जा आणि नदीकडे तोंड करून बसा

पुण्यात शिकायला, नोकरीला किंवा लग्न होऊन आलेलं माणूस पहिल्या महिनाभरात शनिवारवाडा बघतं, सारसबागेतल्या गणपतीला जाऊन येतं, सिंहगडावर पिठलं-भाकरी खाऊन येतं. नदी मात्र त्याला पुलावरून जाताना ओझरती दिसते आणि तीही नाकाला रुमाल लावून. माझंही तसंच झालं होतं. संभाजी उद्यानात मी दोन वर्षं जात होते, पण बागेच्या मागून मुठा वाहते हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. फाटक रस्त्याकडे, बाकं कारंज्याकडे, भेळवाले फाटकाबाहेर. सगळं लक्ष रस्त्याकडेच जातं.

म्हणून नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी एकच सांगते. पुण्यातल्या नदीकाठच्या जुन्या बागांमध्ये शिरलात की रस्त्याकडे पाठ करा आणि बाग संपेपर्यंत चालत जा. हे शहर नदीच्या काठाने वाढलं आहे, त्यामुळे ते तिथूनच नीट समजतं. एकटे जा, घरच्यांना घेऊन जा, नाहीतर दहा-पंधरा जणांचा कट्टा जमवा. कसं जायचं, कुठून सुरुवात करायची आणि कुठे जपायचं, ते क्रमाने लिहिते.

आधी नदी समजून घ्या

पुण्यात नद्या दोन. मुठा खडकवासल्याकडून येते आणि डेक्कन व पेठांच्या मधून वाहते. मुळा मुळशीच्या बाजूने येते, औंध-खडकीवरून. दोघी संगमवाडीजवळ भेटतात आणि तिथून पुढे तिचं नाव मुळा-मुठा होतं. बंड गार्डनला तुम्ही जी पाहता ती मुळा-मुठा. ती पुढे भीमेला मिळते, म्हणजे पुण्याचं पाणी अखेर पंढरपूरला चंद्रभागेत जातं. एवढं डोक्यात असलं की पुढच्या सगळ्या जागा एका धाग्यात बसतात. आपण मुठेच्या काठाने प्रवाहाच्या दिशेने खाली जाणार आहोत: डेक्कन, मग ओंकारेश्वर, मग संगम आणि शेवटी बंड गार्डन.

वेळ ठरवा

महापालिकेच्या बहुतेक बागा सकाळी उघडतात, दुपारी बंद होतात आणि संध्याकाळी पुन्हा उघडतात. नव्या माणसाची पहिली चूक इथेच होते. आमच्या घरी एकदा साताऱ्याहून आणि कोल्हापुरहून मिळून पंचवीसेक पाहुणे आले होते. सगळ्यांना घेऊन एका बागेत जायचं ठरलं. पुऱ्या, बटाट्याची भाजी, श्रीखंड, सगळं बांधून आम्ही साडेअकराला पोचलो तर फाटकाला कुलूप. आजेसासूबाई सत्याहत्तर वर्षांच्या, त्यांना रस्त्याकडेच्या कठड्यावर बसवून जेवायला वाढावं लागलं. तेव्हापासून फाटकावरची वेळेची पाटी आदल्या दिवशी वाचल्याशिवाय मी कुणालाही बोलवत नाही. वेळा ऋतूप्रमाणे आणि बागेप्रमाणे बदलतात, म्हणून जाणाऱ्या-येणाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका.

महिन्यांचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. नदीवर हिवाळी पाहुणे पक्षी असतात, सकाळी धुकं असतं आणि पाण्याचा वास कमी जाणवतो. एप्रिल-मेमध्ये पाणी आटतं, सांडपाणी तेवढं उरतं आणि दुर्गंधी येते. ही गोष्ट लपवण्यासारखी नाही. उन्हाळ्यात जायचं तर सकाळी सातच्या आत जा आणि काठापेक्षा झाडाखालची जागा धरा.

गाडी घरी ठेवा

जंगली महाराज रस्त्यावर गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धा तास जातो, शिवाय पार्किंगचे पैसे. त्यापेक्षा मेट्रो घ्या. वनाज ते रामवाडी ही मार्गिका जणू या फेरफटक्यासाठीच आखल्यासारखी आहे. डेक्कन जिमखाना, छत्रपती संभाजी उद्यान, पुणे महानगरपालिका ही स्थानकं मुठेच्या काठाला धरून आहेत, आणि बंड गार्डन स्थानक मुळा-मुठेजवळ. डेक्कन आणि संभाजी उद्यान या दोन स्थानकांची छपरं पगडीच्या आकाराची आहेत, लहान मुलांना ती लांबूनच ओळखता येतात. तिकीट दहा रुपयांपासून सुरू होतं.

प्रवासात खिडकीजवळ उभे राहा. जिल्हा न्यायालय (सिव्हिल कोर्ट) स्थानकाहून मंगळवार पेठेकडे जाताना गाडी मुठा ओलांडते आणि बंड गार्डनहून येरवड्याला जाताना मुळा-मुठा. दोन्ही ठिकाणी फार तर अर्धा मिनिट मिळतो, पण शहर आणि नदीचं नातं वरून एकदम डोळ्यांत भरतं.

पहिला मुक्काम: संभाजी उद्यान

जंगली महाराज रस्ता आणि मुठा यांच्या मधल्या पट्ट्यात ही बाग आहे. शेजारीच बालगंधर्व रंगमंदिर. ते १९६८ साली उघडलं आणि तेव्हापासून बाग आणि नाट्यगृह ही जोडगोळीच झाली आहे. दुपारच्या प्रयोगाआधी इथे भेटायचं आणि नाटक सुटलं की पुन्हा गप्पा, असा अनेकांचा शिरस्ता आहे. नव्या शहरात ओळखी वाढवायच्या असतील तर नाटकाच्या तिकिटाइतकं स्वस्त साधन नाही.

बागेत मत्स्यालय आहे, मुलं तिथे रमतात. दिवाळीच्या दिवसांत किल्ल्यांच्या प्रतिकृती मांडल्या जातात. मातीचे तट, त्यावर पेरलेल्या हळिवाचं हिरवं रान, चुन्याच्या रेघांच्या वाटा. परप्रांतातून आलेल्या मित्राला महाराष्ट्रातली दिवाळी काय असते हे दाखवायचं असेल तर त्याला इथे आणा. आकाशकंदील सगळीकडे दिसतात, किल्ला मात्र त्याला दुसरीकडे सहज बघायला मिळायचा नाही.

हे सगळं पाहून झालं की मागच्या अंगाला जा. तिथे आता मेट्रोचे उंच खांब आहेत आणि त्यांच्यापलीकडे मुठेचं पात्र. सकाळी इथे उभं राहिलं की रस्त्याचा आवाज मागे पडतो आणि पोपटांचा कलकलाट पुढे येतो. पात्रातल्या दगडांवर धोबी पक्षी शेपटी खालीवर करत फिरत असतो. काळा-पांढरा, चिमणीपेक्षा थोडा लांब. एका दगडावर दोन पावलं, शेपटी तीनदा आपटायची, मग पुढच्या दगडावर उडी. माझ्या लेकीला मी पक्षी ओळखायला शिकवलं ते याच पक्ष्यापासून. तो घाबरट नाही आणि एका जागी पुरेसा वेळ दिसतो.

समोरच्या बाजूला रस्ता ओलांडला की पाताळेश्वर. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूटांच्या काळातलं, एका अखंड कातळात कोरलेलं शिवालय. पुढे गोल नंदीमंडप. उन्हाची तिरीप वाढली की बागेतून उठून इथे यावं. दगडात गारवा असतो आणि झाडांखाली निवांत बसता येतं.

पूल चालत ओलांडा

डेक्कनच्या परिसरात एकामागून एक पूल आहेत आणि प्रत्येकाची वेगळी तऱ्हा. लकडी पूल नावाने लकडी, आज दगडी. पानिपतानंतर १७६१ साली तो लाकडाचा बांधला गेला, म्हणून नाव तेच राहिलं. आषाढात पालख्या फर्ग्युसन रस्त्याने येऊन याच पुलावरून पेठांमध्ये शिरतात. त्याच्या खालच्या अंगाला काकासाहेब गाडगीळ पूल आहे, पण त्या नावाने विचारलंत तर रिक्षावालाही क्षणभर थांबेल. झेड ब्रिज म्हणा. संध्याकाळी तो तरुणांनी भरलेला असतो. कठड्याला टेकून गप्पा मारणाऱ्यांची रांग आणि खाली नदी. शहरात खोलीवर राहणाऱ्या पोरापोरींना पैसे न देता बसता येईल अशा जागा फार थोड्या आहेत, त्यांतली ही एक. तिथे कुणाकडे टक लावून बघू नये एवढीच अपेक्षा.

त्याच्या पुढे बाबा भिडे पूल. हा अगदी पाण्यालगत आहे आणि त्याच्याविषयी पावसाळ्याच्या भागात वेगळं लिहिलं आहे.

बालगंधर्वजवळून पूल ओलांडलात की समोर ओंकारेश्वराचं देऊळ. पेशवेकालीन, नऊ शिखरांचं, नदीला लागून. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला गर्दी असते, एरवी शांत. जवळच वर्तक बाग. ती लहान आहे, पर्यटक म्हणून कुणी येणार नाही अशी, पण पेठांमधली ज्येष्ठ मंडळी इथे रोज बसतात. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा पाणी कुठल्या वाड्यात कुठपर्यंत चढलं, याच्या आठवणी पेठांतल्या घराघरांत आहेत. अशा एखाद्या आजोबांशेजारी बसून नुसतं विचारा, "आजोबा, पानशेतच्या वेळी तुम्ही इथेच होतात का?" पुढचा तास ते बोलतील. नवख्याला शहर कळतं ते असंच. आणि नदी कुठपर्यंत येऊ शकते हेही.

संगम

इथे बाग म्हणावी तशी नाही, पण थांबा मात्र नक्की. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली तेव्हा इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याचा बंगला इथेच संगमावर होता आणि मराठ्यांनी तो जाळला. आता जवळच अभियांत्रिकी महाविद्यालयाचा, म्हणजे आताच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठाचा, बोट क्लब आहे. विद्यार्थ्यांची वार्षिक रेगाटा इथल्या पाण्यात होते: नावांच्या शर्यती, पाण्यावरच्या कसरती, काठावर प्रेक्षक. रेगाटाची तारीख कळली तर चुकवू नका. पुण्याची नदी माणसांनी भरलेली पाहायला मिळते, ती एक गणपतीत आणि एक तेव्हा.

बंड गार्डन: इथे वेळ काढा

एकच बाग बघायची असेल तर ही बघा. कागदोपत्री तिचं नाव महात्मा गांधी उद्यान, बोलण्यात बंड गार्डन. 'बंड' म्हणजे बंडखोरी नव्हे. तो बांध, इंग्रजीतला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लष्करच्या पाणीपुरवठ्यासाठी नदीवर हा बांध घातला गेला आणि त्याला सर जमशेटजी जीजीभाय यांनी मोठी देणगी दिली. बांधामुळे वरच्या अंगाला पाणी साठलं, काठ रुंद झाला आणि त्या काठावर बाग फुलली. ब्रिटिश अमदानीत साहेबलोक संध्याकाळी घोडागाड्यांतून इथे हवा खायला यायचे. आज त्याच काठावर आपण पोळीभाजीचा डबा उघडतो, हे मला फार बरं वाटतं.

बागेच्या कडेला जुना फिट्झजेराल्ड पूल आहे. १८६० च्या दशकातला, दगडी कमानींचा, मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरच्या नावाचा. रॉयल इंजिनिअर्सच्या कॅप्टन सेलन यांनी तो उभारला. दोन्ही टोकांना सिंहांचे पुतळे आहेत, एक पंजा गोळ्यावर ठेवलेले. मुलांना ते सिंह शोधायला लावा. येरवड्याकडे जाणारी वाहनं आता शेजारच्या नव्या पुलांवरून जातात.

बागेत शिरल्यावर घाई करू नका. आधी आवाज ऐका. बांधावरून पाणी उतरतं त्याची एकसारखी सरसर इथे ऐकू येते, आणि ती ऐकू आली की समजा, योग्य जागी पोचलात. पावसाळ्यानंतर तो आवाज दणदणीत असतो. डिसेंबरात मऊ होतो. बांधाच्या खालच्या बाजूला पाणी उथळ होतं, दगड वर येतात आणि तिथे शेकाट्या चालताना दिसतो. लांब गुलाबी पाय, पाठ काळी, पोट पांढरं. तो पाय उचलतो तेव्हा गुडघा मागे वाकल्यासारखा वाटतो आणि प्रत्येक पावलाआधी चोच पाण्यात बुडते. त्याच्या आसपास बगळे, पाणकावळे आणि नशीब असेल तर हळदी-कुंकू बदकांची जोडी. चोचीच्या टोकाला हळद आणि बुडाशी कुंकवाचे ठिपके, म्हणून हे नाव. दुर्बीण असली तर आणा, नसली तरी अडत नाही.

पाण्यावर कधी पांढरा फेस दिसेल, कधी जलपर्णीचा हिरवा गालिचा. दोन्ही आजाराची लक्षणं आहेत: शहराचं सांडपाणी पुरतं शुद्ध न होता नदीत येतं. म्हणून पाण्यात पाय सोडून बसू नका आणि मुलांना हात घालू देऊ नका. काठावर नदी सुधारणेची कामंही चालू आहेत. त्यासाठी झाडं तोडण्याला नागरिकांनी २०२३ मध्ये मोठा विरोध केला, नदीकाठी चिपको मोर्चा काढला. नवा दगडी काठ फिरायला सोयीचा आहे हे खरं. पण वाळुंज, करंज आणि उंबर यांची जुनी झाडी हाच या नदीचा खरा काठ, असं माझं मत आहे. तुम्ही दोन्ही बघा आणि तुमचं मत बनवा.

वेळ उरला तर पूल ओलांडून नगर रस्त्याने आगाखान पॅलेसला जा. कल्याणीनगर मेट्रो स्थानकही जवळ पडतं. १८९२ मध्ये दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून तो बांधला गेला. ऑगस्ट १९४२ पासून मे १९४४ पर्यंत गांधीजी इथे स्थानबद्ध होते. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा इथेच गेले, दोघांच्या समाध्या आवारात आहेत. तिथे आवाज कमी ठेवा.

कट्टा जमवायचा असेल तर

दहा-बारा जण असतील तर कुणाला विचारायची गरज पडत नाही. सतरंजी, डबे, पाण्याच्या बाटल्या घेऊन या आणि वाटेत न येणारी जागा धरा. मोठा बेत असेल, म्हणजे तीस-चाळीस जण, माईक, फलक, एखादा छोटा कार्यक्रम, तर महापालिकेच्या उद्यान विभागाला लेखी विचारा. त्यांचं कार्यालय संभाजी उद्यानातच आहे. कॅमेऱ्याचा मोठा फौजफाटा घेऊन लग्नाआधीचं चित्रीकरण करायचं असेल तरीही आधी परवानगी हवी. फाटकावर हुज्जत घालण्यापेक्षा चार दिवस आधी अर्ज देणं सोपं.

ग्रुपवर निरोप टाकताना "बंड गार्डनला भेटू" एवढंच लिहू नका. तो रस्ताही बंड गार्डन, चौकही बंड गार्डन आणि मेट्रो स्थानकही. "बागेच्या मुख्य फाटकाच्या आत, डावीकडे" असं लिहा, नाहीतर निम्मे लोक रस्त्यावर फिरत राहतात.

जेवण कोरडं आणा: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुळपोळी, ढोकळा, वड्या. रस्साभाजी सांडते आणि मुंग्या जमतात. शेजारच्या सतरंजीवरच्या मंडळींना वडी नेऊन द्यायला लाजू नका, आमच्या दोन जुन्या कुटुंबमित्रांशी ओळख अशीच झाली. खरकटं आणि कागद परत न्यायची एक पिशवी ठेवा. कचरापेटीवर विसंबू नका, ती भरली की वारा सगळं नदीत नेतो. अंताक्षरी खेळा, पत्ते खेळा, कविता वाचा. स्पीकर मात्र नको. पक्षी उडून जातात आणि बाकावरचे आजी-आजोबाही उठून जातात.

वडीलधारी मंडळी असतील तर स्वच्छतागृह कुठे आहे ते पोचल्यावर आधी बघून ठेवा. संध्याकाळी डास फार असतात, ओडोमॉस पिशवीत असू द्या.

पावसाळ्यात

हा भाग नीट वाचा. खडकवासल्याच्या वर पानशेत, वरसगाव आणि टेमघर अशी तीन धरणं आहेत. ती भरत आली की खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडतात. बातम्यांत आकडा क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. दहा हजार क्युसेक म्हटलं की सेकंदाला पावणेतीन लाख लिटरहून जास्त पाणी. शहरात ऊन पडलेलं असतं, पण घाटमाथ्यावर कोसळत असतं, त्यामुळे आकाशाकडे बघून अंदाज करू नका. विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि पात्रातला रस्ता बंद होतो. लोखंडी अडथळे लावलेले दिसले तर त्यांच्या मधल्या फटीतून दुचाकी घालू नका. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पहाटे घरांत पाणी शिरलं, लोकांना गाड्या काढायलाही वेळ मिळाला नाही.

पूर पाहायचाच असेल तर तो उंच पुलाच्या पदपथावरून पाहा. काठावर उतरू नका, सेल्फीसाठी तर नाहीच. बंड गार्डनचा बांध तेव्हा पूर्ण बुडालेला असतो आणि पाणी चहाच्या रंगाचं होऊन झाडांचे ओंडके घेऊन धावत असतं.

गणपतीत

विसर्जनाच्या दिवशी नदीकाठच्या घाटांवर महापालिका हौद ठेवते. घरचा गणपती असेल तर हौदातच विसर्जन करा आणि निर्माल्य वेगळ्या कलशात टाका. अनंत चतुर्दशीला मिरवणुका लक्ष्मी रस्त्याने अलका चौकात येतात आणि त्या दुसऱ्या दिवशीपर्यंत चालतात. त्या रात्री डेक्कनवर भेटायचं ठरवलंत तर फोन लागेलच असं नाही. म्हणून चुकामूक झाली तर कुठे थांबायचं ते आधीच ठरवा. आम्ही नेहमी पाताळेश्वराच्या फाटकाशी थांबतो: गर्दीपासून थोडं बाजूला, आणि पुण्यात कुणालाही विचारलं तरी ते दाखवतं.